मोबाईलवरचा आकडा कोणत्या गावचा? ठाणे जिल्ह्यात पाऊस, वीज, ऊन आणि हवेचे इशारे असे वाचा

जुलै उजाडला की ग्रुपवर मेसेज फिरायला लागतो, 'ठाणे जिल्ह्याला रेड अलर्ट'. शाळांना सुट्टी पडते आणि टोकावड्याला दुपारपर्यंत नुसती भुरभुर. मग लोक हसतात, वेधशाळेचं काही खरं नाही म्हणतात. पुढच्या आठवड्यात साधा यलो असतो आणि नेमका त्याच दिवशी ओढ्याला लोंढा येतो. यात वेधशाळा खोटी ठरत नाही. इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, आणि आपला जिल्हा ठाण्याच्या खाडीपासून माळशेजच्या कड्यापर्यंत पसरलेला आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, तरी ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर असे सात तालुके उरलेच.

एकाच दिवशी दोन ठिकाणी पाऊस किती वेगळा पडतो हे बघायचं तर २६ जुलै २००५ आठवा. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि तिथून सुमारे २५ किलोमीटरवरच्या कुलाब्याला फक्त ७३. दोन्ही वेधशाळा एकाच मुंबईतल्या. मग कल्याणचा आकडा बघून किन्हवलीचा अंदाज कसा बांधणार?

रंगांचा अर्थ

यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. १ मिमी पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर साधारण १०० लिटर पाणी, त्यामुळे १०० मिमी पडला तर गुंठ्याला १० हजार लिटर झाले. डोंगरउताराच्या शेताचं पाणी खाली कुठे जातं, ते मनाशी धरून हा हिशेब करा.

आणखी एक गोम आहे. वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. सकाळी मोबाईलवर दिसणारा 'आजचा पाऊस' बहुतेक करून कालचा असतो. आत्ता घराबाहेर पडायचं की नाही हे ठरवायचं तर दिवसभराचा रंग बघू नका, पुढच्या तीन तासांचा इशारा बघा. त्याला खातं 'नाऊकास्ट' म्हणतं. तो रडारवरचे ढग बघून दिला जातो, म्हणून जास्त भरवशाचा. 'मौसम' आणि 'सचेत' या दोन्ही सरकारी ॲपवर इशारे मराठीतही मिळतात.

मंडळाचा पाऊस आणि नुकसानभरपाई

आपल्या गावाला सगळ्यात जवळचा सरकारी आकडा असतो तो महसूल मंडळाचा. मंडळात २४ तासांत ६५ मिमी किंवा जास्त पाऊस नोंदला गेला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी धरली जाते. पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर मदतीचा विषय पुढे सरकतो. हा रोजचा पाऊस कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मंडळानुसार दिसतो. जोराचा पाऊस झाला की त्या दिवशीच त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि शेताचे फोटोही तारखेसह घ्या. मापक मंडळाच्या गावात कोरडा आणि आपल्या शिवारात नदीचं पाणी, असंही होतं. तेव्हा गप्प बसू नका, तलाठ्याकडे पंचनाम्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.

पूर शेजारच्या जिल्ह्यातून येतो

ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोक बघतात. उल्हास नदी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळवरून बदलापूरला येते. म्हणजे बदलापूर, रायते, कांबा, वरप, म्हारळ या भागाचा पूर रायगड जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा असतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, ते याच नदीचं पाणी. म्हणून नदीकाठच्यांनी ठाण्याबरोबर रायगडचा इशारा आणि कर्जतचा पाऊसही बघायचा. बदलापूरला उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर धरतात. ती ओलांडली की रायत्याच्या पुलावरून मुरबाडला जायचा बेत रद्द करा.

काळू नदी माळशेजच्या बाजूने मुरबाड तालुक्यातून टिटवाळ्याकडे येते. तिच्या काठावर असाल तर घाटमाथ्यावरचा पाऊस महत्त्वाचा. भातसाकाठी, सापगावसारख्या ठिकाणी, आभाळापेक्षा धरणाच्या दरवाजांची बातमी आधी ऐकायची. हे सगळं पाणी शेवटी कल्याणच्या खाडीकडे जातं. तिथे मोठी भरती असेल तर ते बाहेर पडत नाही, मागे तुंबतं. खाडीकाठच्यांनी भरतीची वेळ पावसाइतकीच जपावी.

वीज आणि ऊन

वीज मे-जूनमध्ये आणि परत भातकापणीच्या सुमारास ऑक्टोबरमध्ये पडते. तेव्हा माणसं नेमकी उघड्या खाचरात असतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या आतली वीज दाखवतं. रेंज नसेल तर जुना हिशेब: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर. अर्धा मिनिट भरायच्या आत आवाज आला तर विळा खाली ठेवून पक्क्या घरात जायचं. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ किंवा शेताच्या मधोमध उघड्या मांडवात थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. वीज पडून माणूस गेला तर वारसाला ४ लाखांची सरकारी मदत आहे. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, म्हणून दुःखातही ती कागदपत्रं सोडू नका.

उन्हाचं गणित किनाऱ्यावर वेगळं आहे. मैदानी भागात पारा ४० वर गेल्यावर उष्णतेची लाट मोजायला घेतात, कोकणपट्टीत ३७ लाच, कारण इथे घाम वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण गेले. मुरबाड, बदलापूरकडे समुद्राचा वारा उशिरा पोचतो, त्यामुळे दुपारी ठाण्यापेक्षा पारा जास्त चढतो.

हवेचा आकडा: इथे जास्त फसगत

'एक्यूआय' म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक. भारतात ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यावर गंभीर. आठ घटक यात धरतात, त्यातला जो सगळ्यात वाईट तोच आकडा ठरतो. आपल्याकडे तो बहुधा धुळीचा असतो, पीएम १० किंवा पीएम २.५. पीएम २.५ म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक कण, जे फुप्फुसात खोल जातात.

फसगत कुठे होते? मोजणारी यंत्रं शहरांत आहेत: कल्याणला खडकपाडा, डोंबिवलीत पिंपळेश्वर मंदिर, बदलापूरला कात्रप. मुरबाड किंवा शहापूरच्या गावात उभं राहून मोबाईल काढला तर जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा जवळच्या शहराचा, नाहीतर उपग्रह आणि गणितावरून काढलेला अंदाज. गावच्या वेशीवरच्या वीटभट्टीचा धूर त्या गणितात येईलच असं नाही. दुसरं म्हणजे बरीच खासगी ॲप अमेरिकेचं माप वापरतात. पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या सरकारी मापात निर्देशांक १०० येतो आणि अमेरिकेच्या मापात १५० च्या वर. हवा तीच, आकडे दोन. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप वापरा आणि केंद्राचं नाव वाचा. शिवाय सरकारी निर्देशांकात धुळीची २४ तासांची सरासरी धरतात, आत्ता या घडीला पेटलेला कचरा त्यात पूर्ण उतरत नाही.

थंडीत सकाळी धूर जमिनीलगत का साचतो? रात्री जमीन गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, वर गरम हवेचं झाकण बसतं. धूर वर जायला वाट राहत नाही. नऊ-दहाला ऊन तापलं की झाकण फुटतं. दम्याच्या माणसाने पहाटेचं फिरणं डिसेंबर-जानेवारीत उशिरा केलेलं बरं. राब भाजायचाच असेल तर उजाडताना नको, दुपारी वारा असताना भाजा. वणव्याची काळजी मात्र घ्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एक्यूआय चांगला दाखवत असला तरी रसायनाचा वास असू शकतो. त्या आठ घटकांत कारखान्यातून सुटणारी आम्लाची वाफ किंवा सॉल्व्हंट नाहीत. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली, लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास अडला. डोंबिवली तर २००९ सालीच केंद्राच्या अतिप्रदूषित वसाहतींच्या यादीत होती. तिथे २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला झालेल्या स्फोटांत जीवही गेले.

अशा वेळी वारा कुठून येतो ते आधी बघा. चुलीचा धूर किंवा झेंडा कुठे झुकतोय त्यावरून कळतं. वायू ज्या दिशेने वाहतोय त्याच दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवं निघा. तोंडावर ओला रुमाल धरा. निघता येत नसेल तर खिडक्या-दारं बंद करून आत राहा. बरेच वायू हवेपेक्षा जड असतात आणि खोलगट जागेत साचतात, म्हणून नाल्यात किंवा तळघरात उतरू नका. फोन ११२ ला, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.

रोज रात्री वास येत असेल तर नुसती ओरड पुरत नाही. महिनाभर वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि वास कसा होता ते लिहा. चार घरांनी वेगवेगळ्या वह्या ठेवल्या तर अधिक चांगलं. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून तो अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि पाहणीला अधिकारी येतील तेव्हा वहीत जी वेळ सगळ्यात जास्त वेळा आली आहे त्याच वेळी या, असं अर्जातच लिहा.