विवाहनोंदणी आणि वधूवरांचे वय : राजस्थानातील एक जुना तिढा

राजस्थानात विवाहासाठी वराचे वय २१ व वधूचे १८ वर्षे पूर्ण असावे लागते आणि विवाहानंतर ३० दिवसांच्या आत नोंदणीसाठी निवेदन द्यावे लागते. जयपुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना यात नवल वाटणार नाही. मुंबई राज्यात विवाहनोंदणीचा कायदा १९५३ सालीच झाला होता. राजस्थानात सक्तीच्या नोंदणीचा कायदा २००९ मध्ये आला, तोही सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात सर्व राज्यांना तसा आदेश दिल्यानंतर.

वयाची अट मात्र येथे बरीच जुनी आहे. १८८८ मध्ये, म्हणजे मुंबईत रखमाबाईंचा खटला तडजोडीने मिटला त्याच वर्षी, राजपुतान्यातील गव्हर्नर जनरलचे एजंट कर्नल वॉल्टर यांनी अजमेरला संस्थानांच्या प्रतिनिधींची सभा भरवली. तीतून पुढे आलेल्या नियमांनी राजपुतांच्या लग्नखर्चाला मर्यादा घातली आणि मुलीचे किमान वय १४, मुलाचे १८ ठरवले. चार दशकांनी अजमेरचेच हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नाने १९२९ चा कायदा झाला, त्यातही हेच दोन आकडे आहेत. परंतु तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. अजमेर त्याच्या कक्षेत आले. जयपूर संस्थान असल्याने बाहेर राहिले.

पुढे मुलीचे वय १९४९ मध्ये १५ आणि १९७८ मध्ये १८ झाले. तरीही कायदा विवाह लावणाऱ्यांना शिक्षा करी, विवाह मात्र टिकून राही. शिवाय तो गावात न्यायचा कोणी? १९९२ मध्ये जयपूरजवळच्या भटेरी गावात शासनाच्याच महिला विकास कार्यक्रमातील साथिन भंवरीदेवी यांनी एका तान्ह्या मुलीचे लग्न रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाल्याची तक्रार त्यांना नोंदवावी लागली. १९९७ चा विशाखा निकाल त्यातूनच उद्भवला.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने एक वाट उघडली : सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत असा विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. पण रद्द करण्यासाठी आधी तो झाल्याचे सिद्ध करावे लागते, आणि आखा तीजेच्या (आपली अक्षय्य तृतीया) रात्री उरकलेल्या लग्नाचा कागद कोठून आणायचा? २००९ च्या राज्य कायद्यात वधूवर २१ वर्षांखालील असल्यास निवेदनाची जबाबदारी आईवडिलांवर टाकलेली होतीच. सप्टेंबर २०२१ च्या दुरुस्ती विधेयकाने त्यात वधूसाठी १८ वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा शासन बालविवाहाला मान्यता देत असल्याचा गदारोळ उठला. माझ्या मते हा आक्षेप चुकीचा होता. पंचनामा केला म्हणून गुन्हा मंजूर होत नाही. मात्र स्वतःवर खटला ओढवणारी नोंद कोणता बाप आपणहून करील, हा प्रश्न त्या वादात फारसा कोणी विचारला नाही. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी, आंतरराष्ट्रीय बालिका दिनी, मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांनी विधेयक राज्यपालांकडून परत मागवण्याची घोषणा केली.