नामनोंदीचा अधिकार आणि घरगुती नेम सर्व्हर

नाव कोणी ठेवावे आणि ठेवलेल्या नावाची नोंद कोणाच्या दप्तरी असावी, हे दोन प्रश्न निराळे आहेत. आपल्या डोमेन नावाचा नेम सर्व्हर आपल्याच घरच्या इंटरनेट जोडणीवर चालविणे, हा आज हौशी माणसाचा खटाटोप समजला जातो. वस्तुतः तो डोमेनपद्धतीच्या मूळ तत्त्वाशी पूर्णपणे सुसंगत आहे. तो अवघड झाला तो नावांच्या व्यवस्थेमुळे नव्हे, तर पत्त्यांच्या व्यवस्थेमुळे. हे कसे घडले ते क्रमाने पाहणे उद्बोधक ठरेल.

अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यात प्रत्येक यंत्राला एक अंकात्मक पत्ता व एक नाव असे. या नावांची व पत्त्यांची यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात ठेवली जाई. एलिझाबेथ फाइन्लर या त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. नव्या यंत्राची खबर केंद्राला द्यावयाची, केंद्राने ती यादीत घालावयाची आणि इतरांनी ती यादी वेळोवेळी उतरवून घ्यावयाची, अशी वहिवाट होती. ऑगस्ट १९८१ मध्ये यंत्रांची संख्या २१३ होती, तोवर हे निभले. ऑगस्ट १९८३ मध्ये ती ५६२ झाली आणि डिसेंबर १९८७ पर्यंत २८,१७४ वर गेली. यादी लांबत होती आणि ती उतरवून घेणारेही त्याच प्रमाणात वाढत होते. शिवाय सर्व जाळ्यात एक नाव एकालाच घेता येत असल्यामुळे नावांचा निवाडाही एकाच केंद्राकडे राहत असे.

या अडचणीवर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ व ८८३ या दोन टिपणांत उपाय मांडला. नावांची एक यादी न ठेवता त्यांचा वृक्ष करावा, आणि प्रत्येक फांदी तिच्या धन्याकडे सोपवावी, असे त्याचे सार होय. वरच्या पातळीने खालची नोंद ठेवावयाची नाही. ती कोणाकडे आहे एवढेच सांगावयाचे. त्यामुळे डोमेन नावातील बिंदू हे केवळ विभाजक चिन्ह राहत नाही. त्या जागी एकाचा अधिकार संपून दुसऱ्याचा सुरू होऊ शकतो. पुढे १९८४ मध्ये बर्कली येथील चार विद्यार्थ्यांनी बाइंड हा नेम सर्व्हरचा प्रोग्रॅम लिहिला, आणि १९८७ मध्ये मूळ टिपणांची सुधारित आवृत्ती निघाली. नामधारक ही मोठी संस्थाच असावी अशी अट त्यांत नाही. किमान दोन सर्व्हर असावेत एवढी मात्र आहे.

तथापि घरगुती जोडणीचा विकास वेगळ्या वाटेने झाला. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई आदी शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते टेलिफोनच्या तारेवरून. अशा जोडणीवर यंत्राला पत्ता मिळे तो फोन चालू असेपर्यंत. ग्राहक हा प्रश्न विचारणारा. उत्तर देणारा नव्हे, हे गृहीत त्या रचनेतच होते. शिवाय जुनी पत्तापद्धती ३२ बिटांची असल्याने सुमारे ४२९ कोटींहून अधिक पत्ते संभवत नाहीत. म्हणून १९९३ मध्ये पत्ते मुदतीने उसने देण्याची रीत आली, आणि मे १९९४ मध्ये एका पत्त्याआड अनेक यंत्रे बसविण्याची युक्ती प्रसिद्ध झाली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. एप्रिल २०१२ मध्ये तर अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यात सामावून घेण्यासाठी सेवाकंपन्यांकरिता पत्त्यांचा स्वतंत्र पट्टा राखून ठेवण्यात आला. अशा ग्राहकाच्या घराला, बाहेरून येणाऱ्या प्रश्नापुरते पाहिले तर, दारच उरले नाही.

या स्थितीचा सर्वांत मोठा फटका नेम सर्व्हरलाच का बसतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. घरातील अन्य यंत्राचा पत्ता बदलला तर नेम सर्व्हर नवा पत्ता सांगू शकतो. परंतु नेम सर्व्हरचाच पत्ता बदलला तर तो सांगणार कोण? सर्व्हरचे नाव त्याच डोमेनात असेल, तर त्याचा पत्ता वरच्या पातळीच्या दप्तरी लिहून ठेवावाच लागतो. तो तेथे बदलला तरी इतरांनी स्मरणात ठेवलेले जुने उत्तर मुदत संपेपर्यंत चालूच राहते. दुसरी अडचण दोन सर्व्हरच्या अटीची. जुलै १९९७ च्या आरएफसी २१८२ ने ते भिन्न स्थळी व भिन्न जाळ्यांवर असावेत असे सुचविले. एकाच घरात दोन यंत्रे ठेवल्यास तार तुटताच दोन्ही एकदम मूक होतात.

येथे नोंद करणे आणि उत्तर देणे या दोन क्रियांतील भेद उपयोगी पडतो. मूळ नोंदवही घरच्या सर्व्हरवर ठेवावी, तिच्या प्रती बाहेरच्या दोन-तीन सर्व्हरनी आपोआप घ्याव्यात, आणि जगाला उत्तरे त्यांनीच द्यावीत, अशी व्यवस्था डोमेनपद्धतीत प्रथमपासून शक्य आहे. घरची वही जगाला दिसत नाही. पण लेखणी घरातच राहते. डिसेंबर १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या १२८ बिटांच्या नव्या पत्तापद्धतीने पत्त्यांची टंचाई तत्त्वतः संपविली आहे. परंतु जुन्याच पद्धतीवर असलेल्या प्रश्नकर्त्यांना अशा घरापर्यंत थेट पोहोचता येत नाही, आणि भिन्न स्थळांची गरजही कायम राहते.

लेखणी कोणाच्या हाती आहे याला मराठीपुरता एक विशेष अर्थ आहे. २०१४ पासून ‘.भारत’ या शेवटासह देवनागरी डोमेन नावे घेता येतात. नोंदीत मात्र ती रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात उतरतात. हे रूपांतर ठरविणाऱ्या २००३ च्या नियमांत अक्षरे जोडणारे एक अदृश्य चिन्ह गाळले जाई. परिणामी त्या चिन्हाने साधलेल्या अर्ध्या रकाराचे ‘दऱ्या’ हे ‘दर्या’ होऊन बसे; म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होई. तोच रकार ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिल्यास भेद टिकतो. २०१० च्या नियमांनी ते चिन्ह अटींसह मान्य केले; पण त्यामुळे डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन लेखने निरनिराळी नावे ठरतात. डोमेनाखालची नावे ज्याच्या लेखणीखाली आहेत, त्यालाच ही सर्व रूपे ओळखून एका पत्त्याशी जोडता येतात. ज्या दप्तरात मराठी जाणणारा कोणी नाही, तेथे हा प्रश्न उद्भवल्याचेही कळणार नाही.

सारांश, १९८३ च्या रचनेने नामधारकाला दिलेला अधिकार कोणी काढून घेतलेला नाही. पत्त्यांच्या टंचाईने घरातून हिरावले ते उत्तर देण्याचे काम. नोंद करण्याचा हक्क शिल्लक आहे. सोयीसाठी उत्तराचे काम दुसऱ्याकडे देताना तोही नकळत देऊन टाकला जातो, एवढाच खरा धोका होय.