गुडघ्याची विसरलेली परीक्षा

धावता खेळाडू एकाएकी वळतो. पाऊल जमिनीत रुतून राहते आणि अंग मात्र फिरते. त्याच क्षणी गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज होतो. कबड्डीच्या काय किंवा फुटबॉलच्या काय, मैदानावर हा प्रसंग पुष्कळांनी पाहिला असेल. कोणी म्हणते पाय मुरगळला, कोणी तेल चोळते. काही दिवसांनी सूज उतरते आणि गडी पुन्हा खेळू लागतो. मग एके दिवशी वळता वळता गुडघा दगा देतो आणि आतील कूर्चाही फाटते. मूळ इजा पहिल्याच दिवशी ओळखता आली असती काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास दीडशे वर्षे मागे जावे लागते.

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना जोडणारे दोन बंध गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांतील पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही. फ्रान्समधील लियाँ येथील शल्यवैद्य आमेदे बॉने यांनी शवांच्या सांध्यांवर प्रयोग केले आणि १८४५ साली सांध्यांच्या रोगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हाड मोडलेले नसताना तुटल्याचा आवाज, सांध्यात रक्त साचून आलेली सूज आणि पायाचे निकामी होणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर बंधाला इजा झाली असे समजावे, असे त्यांचे सांगणे होते. क्ष-किरणांचा शोध लागावयास तेव्हा ५० वर्षे अवकाश होता. वैद्याजवळ कान, डोळे आणि हात एवढीच साधने होती. पण ती किती तीक्ष्ण होती!

१८७५ साली जॉर्ज नूलिस यांनी पॅरिस येथे गुडघ्याच्या लचकण्यावर प्रबंध सादर केला. एका हाताने मांडी स्थिर धरावी, दुसऱ्या हाताने नडगी धरून गुडघा किंचितच वाकवावा आणि नडगी पुढे ओढून पाहावी, अशी परीक्षा त्यांनी वर्णिली. नडगी पुढे सरकली, तर पुढचा बंध तुटला. चारच वर्षांनी पॉल सेगाँ यांनी, अशा इजेत नडगीच्या वरच्या टोकाच्या बाहेरील कडेचा लहानसा तुकडा उखडतो, हे शवप्रयोगांवरून दाखविले. पुढील शतकात हाच तुकडा क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसला की वैद्य पुढच्या बंधाविषयी सावध होऊ लागले.

नूलिस यांची परीक्षा मात्र विस्मृतीत गेली. तिच्या जागी गुडघा काटकोनात वाकवून, टेबलाचा खण ओढावा तशी नडगी ओढण्याची पद्धत रूढ झाली. ताज्या दुखापतीत ही पद्धत हमखास फसवते. सुजलेला गुडघा काटकोनापर्यंत वाकतच नाही. वाकला तरी मांडीच्या मागचे स्नायू वेदनेने आखडून नडगीला मागे खेचून धरतात, शिवाय कूर्चेचा मागील भाग पाचरीसारखा आड येतो. बंध तुटलेला असूनही नडगी हलत नाही! १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले, तरी साध्या छायाचित्रात बंध दिसत नाही. त्यामुळे 'हाड शाबूत आहे' या दिलाशाने रोग्याचा घातच होण्याचा संभव अधिक.

१९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील जोसेफ टॉर्ग व त्यांचे सहकारी यांनी खेळाडूंच्या गुडघ्यांविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यात गुडघा किंचितच वाकवून करावयाची परीक्षा होती. वाकण्याच्या या अवस्थेत आखडलेल्या स्नायूंचा जोर चालत नाही आणि कूर्चाही आड येत नाही. निरोगी गुडघा आधी तपासून मग दुखऱ्याशी ताडून पाहावयाचे. नडगी अधिक पुढे येते काय, आणि शेवटी दोरी ताणल्यासारखा झटका लागतो की नुसताच ढिलेपणा, एवढे हाताला कळले म्हणजे पुरे.

चुंबकीय अनुनादाने काढलेल्या चित्रात आता तुटलेला बंध प्रत्यक्ष दिसतो, तरीही ही परीक्षा शिकविली जाते, केली जाते. टॉर्ग यांनी तिला आपले नाव न देता आपले गुरू जॉन लॅखमन यांचे दिले. नूलिस यांच्या जुन्या प्रबंधाकडे अभ्यासकांचे लक्ष वळले, तोवर ते नाव जगभर रुळून गेले होते.