मेडिकलचे पैसे मालकाचे, पण प्रश्न किती?

गावातल्या एखाद्या मुलीचं नाव सरकारी नोकरीच्या यादीत लागलं, की आपण लगेच विचारतो, “मेडिकल झालं का गं?” आज त्या मेडिकलचीच गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

काम अंगाला झेपेल का, ते बघायला ही तपासणी. १९४८ च्या कारखाने कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलामुलींना कामावर घेण्याआधी डॉक्टरचा दाखला लागायचा. त्याची फी मालकानं भरायची आणि ती पोराकडून किंवा आईबापाकडून वसूल करायची नाही, असं कलम ६९ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये, धोक्याच्या कामावरच्या माणसांची तपासणी कामाआधी, काम चालू असताना आणि काम सुटल्यावरही करायची, अशी भर त्यात पडली.

इथवर चांगलंच आहे. पण तपासणी मालकाची म्हणून त्यानं वाटेल ते विचारायचं का?

१९८९ साली दिल्लीत एका बाईंनी आयुर्विमा महामंडळात असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज केला. लेखी परीक्षा पास, मुलाखत पास. महामंडळाच्याच डॉक्टरनं तपासून ‘फिट’ म्हटलं. नोकरी लागली. पुढं त्यांनी बाळंतपणाची रजा घेतली, जानेवारी १९९० मध्ये मूल झालं, आणि फेब्रुवारीत कामावरून काढल्याचा कागद हातात आला. महामंडळानं कोर्टात कारण सांगितलं, की बाईंनी फॉर्ममध्ये शेवटच्या पाळीची तारीख खोटी लिहिली.

त्या फॉर्मचे रकाने ऐका. पाळी नियमित येते का, दुखते का? शेवटची कधी आली? दिवस किती वेळा राहिले? किती पूर्ण गेले? गर्भपात झालाय का? अहो, सासूसुद्धा एवढी चौकशी तारखेनिशी करत नाही! टेबलाशी बसून करायच्या कामाला हे कशाला हवं?

३१ ऑक्टोबर १९९१ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. बाईंनी खरं लिहिलं नाही, पण खरी खोट त्या प्रश्नांतच आहे, बाईमाणसाला लाज आणणारे प्रश्न आहेत हे, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. बाईंना कामावर परत घ्या आणि ते रकाने काढून टाका, असा हुकूम झाला.

१९९७ मध्ये मुंबई हायकोर्टापुढं एक रोजंदारी कामगार आला. सरकारी महामंडळात कायम व्हायची वेळ आली, तेव्हा तपासणीत एचआयव्ही निघाला आणि त्याचं काम गेलं. अंगात बळ तर होतं. माणूस काम करू शकतो आणि इतरांना त्याच्यापासून धोका नाही, तर नुसत्या एचआयव्हीवरून त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असं कोर्टानं सांगितलं.

आणि हे फार जुनं झालं असं समजू नका. ३१ डिसेंबर २०२१ ला स्टेट बँकेनं परिपत्रक काढलं: तीन महिन्यांच्या वर दिवस गेलेली उमेदवार ‘तात्पुरती अनफिट’, बाळंत झाल्यावर मग रुजू व्हावं. देशभर ओरड झाली, दिल्लीच्या महिला आयोगानं नोटीस पाठवली, तेव्हा कुठं २९ जानेवारी २०२२ ला बँकेनं ते बाजूला ठेवलं.