जीवनप्रक्रिया : व्याख्या आणि वर्गीकरण

जीवनप्रक्रिया : सजीवाच्या शरीरात ठरावीक क्रमाने घडणाऱ्या आणि विशिष्ट फलितापर्यंत पोचणाऱ्या घटनांची साखळी. एका विकराने एखादा रेणू तोडला, एवढ्याने प्रक्रिया होत नाही. ते त्या विकराचे कार्य. अशी अनेक कार्ये एकामागून एक घडून अन्न तयार होते, कळी धरते किंवा अळीचा कोष होतो, तेव्हा त्या साखळीला प्रक्रिया म्हणतात. सुरुवात, शेवट आणि फलित सांगता आले नाही, तर व्याख्या अपुरी समजावी.

महाराष्ट्र राज्याच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ या विषयाला दोन प्रकरणे दिली आहेत : पहिल्यात ऊर्जानिर्मिती व पेशीविभाजन, दुसऱ्यात प्रजनन. जीव जगवणाऱ्या प्रक्रिया आणि वंश चालवणाऱ्या प्रक्रिया ही जुनी विभागणी शिकवायला सोयीची आहे. संशोधनाला मात्र ती पुरत नाही. फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांची माहिती सांभाळणाऱ्या गटांनी 1998 मध्ये ‘जीन ऑन्टॉलॉजी’ ही सामाईक परिभाषा उभी केली. तिच्या तीन शाखा : रेणवीय कार्य, पेशीघटक आणि जैविक प्रक्रिया. यात एकाच प्रक्रियेला दोन वर्गांत जागा मिळू शकते आणि एक प्रक्रिया दुसरीचे नियमन करते, हेही नोंदवता येते. या मोकळिकीची गरज का पडते, ते वरूड-मोर्शीच्या संत्राबागेत चांगले दिसते.

संत्र्याचा मृग बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. पाने मलूल होतात, काही गळतात, शेंड्यांची वाढ थांबते. वाढीवर खर्च होणारे कर्बोदक फांद्यांत साठत जाते आणि डोळ्यांचा कल पालवीकडून फुलांकडे वळतो. मृगाच्या पावसाने ताण सुटला की नवतीबरोबर फुले येतात. आंबिया बहाराला हेच काम बहुतांशी थंडी करते. त्याची फुले जानेवारी-फेब्रुवारीत दिसतात. पाणी तुटल्यावरचा झाडाचा प्रतिसाद ही एक प्रक्रिया, फुलोरा ही दुसरी. पहिली उद्दीपनाला प्रतिसाद या वर्गातली, दुसरी विकास आणि प्रजनन या दोन्ही वर्गांतली. पहिली दुसरीचे नियमन करते. भारी जमिनीत ताण नीट बसत नाही, तेव्हा क्लोरमेक्वाट क्लोराइड फवारतात. ते झाडातील जिबरेलिन या संप्रेरकाची निर्मिती रोखते आणि शाकीय वाढ आवरते. बागाईतदार इथे नियमनाच्या एका कडीलाच हात घालतो.

वर्गाच्या आत पोटवर्गही असतात. कापूस आणि ज्वारी ही वऱ्हाडातली दोन जुनी पिके. दोन्ही प्रकाशसंश्लेषण करतात, पण कापसाची वाट सी-3 आणि ज्वारीची सी-4. ज्वारी कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनी संयुगात पकडते, त्यामुळे कडक उन्हात तिची प्रकाशश्वसनातली नासाडी कमी होते.

प्रक्रिया आणि विकृती यांतली सीमारेषा प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिथे चूक झाली की शेतकऱ्याचा पैसा जातो. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पाने लाल पडतात, त्याला लाल्या म्हणतात. पानात अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार होणे ही स्वाभाविक प्रक्रिया आहे. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडल्याने आणि रात्री गार झाल्याने ती अवेळी वाढणे ही विकृती. तिच्यामागे जंतू नाही, कीडही नाही. तिथे कीटकनाशकाचा उपयोग शून्य, मॅग्नेशियम सल्फेटचा व नत्राचा होतो. मात्र तुडतुड्यांनी रस शोषल्यावरही पानाच्या कडा पिवळ्या पडून पुढे लालसर होतात. म्हणून पान उलटून पाहावे. तिरपे चालणारे हिरवट तुडतुडे खालच्या बाजूला दिसले, तर निदान बदलते. जीन ऑन्टॉलॉजीही फक्त रोगात घडणाऱ्या घटनांना प्रक्रियेच्या यादीत जागा देत नाही.

थांबणे हीसुद्धा प्रक्रिया असू शकते. गुलाबी बोंडअळी दिवस लहान झाल्यावर आणि थंडी वाढल्यावर वाढ थांबवून सुप्तावस्थेत जाते. अशी अळी पुष्कळदा दोन सरक्या जोडून त्यांच्या पोकळीत राहते. चयापचय मंदावतो, पण तुटत नाही. अनुकूल हवामानात कोष होतो. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेले कापसाचे पीक, ठेवली की अळीला खाद्य मिळत राहते, म्हणून कापूस डिसेंबरअखेर संपवण्याचा सल्ला अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना 20 ऑक्टोबर 1969) आणि कृषी विभाग देत आले आहेत.

याच अळीने वर्गीकरणाची आणखी एक पातळी पुढे आणली. बीटी कापसातील प्रथिन अळीच्या मध्यांत्रातील ग्राही रेणूंना चिकटून आतड्याला छिद्रे पाडते, हे एका अळीच्या शरीरात घडते. भारतात ज्या अळ्या हे प्रथिन खाऊनही जगल्या, त्यांच्यात कॅडहेरिन या ग्राही रेणूचे जनुक बदललेले आढळले. असा बदल असलेल्या अळ्या पिढ्यान्‌पिढ्या वाचत व वाढत जाणे हे एका शरीरात घडत नाही. ती उत्क्रांती, म्हणजे समष्टीची प्रक्रिया. दोन जनुकांचे बोलगार्ड-2 वाण 2006 मध्ये आले आणि 2017 च्या हंगामात विदर्भात बोंडअळीने मोठे नुकसान केले. अळीचे शरीरशास्त्र त्या काळात बरेच माहीत होते. मधल्या वर्षांत दुर्लक्ष झाले ते समष्टीच्या प्रक्रियेकडे.