कॅसेटची चोरी आणि गीतकाराचा वाटा

पायरसीमुळे कलावंत बुडतो की त्याचे नाव घरोघर पोहोचते, हा वाद इंटरनेटपेक्षा जुना आहे. भारतात तो कॅसेटवरून पेटला होता.

फिलिप्स कंपनीने कॉम्पॅक्ट कॅसेट 1963 मध्ये आणली. आपल्याकडे ती रुजली सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, आखाती देशांत कामाला गेलेली माणसे परतताना ‘टू-इन-वन’ घेऊन येऊ लागली तेव्हा. तोवर ध्वनिमुद्रित संगीत म्हणजे तबकडी, आणि तबकडी म्हणजे बव्हंशी एचएमव्ही. तबकडी छापण्यास कारखाना लागे. कॅसेटची नक्कल करण्यास एक खोली आणि दोन यंत्रे पुरत. ऐंशीच्या दशकात नकली कॅसेटींनी बाजार व्यापला. 1984 मध्ये संसदेने कॉपीराइट कायदा दुरुस्त करून कैदेची कमाल मुदत एका वर्षावरून तीन वर्षांवर नेली.

दुरुस्तीचे समर्थन कलावंताच्या नावाने होत असे. पण नुकसान होण्यासाठी मुळात वाटा असावा लागतो, आणि चित्रपटसंगीतात तो कुणाचा होता?

1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन गीत व संगीत करून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर त्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच. गीतकार आणि संगीतकार एकरकमी बिदागी घेऊन बाजूला होत. गायकाला तर कायद्यात स्थानच नव्हते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला जोडलेल्या आपल्या टिपणात या उणिवेकडे बोट दाखवले. गायकाला कायदेशीर हक्क मिळाला तो 1994 च्या दुरुस्तीने. लता मंगेशकर साठच्या दशकापासून रॉयल्टी मागत होत्या. पैसे घेतले की गायकाचा संबंध संपला, अशी महंमद रफींची भूमिका. दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले, ते याच मतभेदातून.

दिल्लीच्या दरियागंजात फळांच्या रसाचे दुकान असलेल्या कुटुंबातले गुलशन कुमार याच काळात पुढे आले. कायद्यातील एका कलमानुसार, आधी ध्वनिमुद्रित झालेले गाणे मूळ मालकाला सूचना व ठरावीक रॉयल्टी देऊन दुसऱ्या आवाजात पुन्हा मुद्रित करता येत असे. टी-सीरिजने या वाटेने स्वस्त ‘व्हर्जन’ कॅसेटींचा पूर आणला. जुन्या कंपन्यांच्या लेखी ही कायद्याच्या आडून चाललेली चोरीच होती. पण किशोरकुमारांची गाणी गाणारे कुमार सानू आणि रफींची गाणी गाणारे सोनू निगम श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यात या कॅसेटींचा वाटा मोठा. 1990 मध्ये ‘आशिकी’ आला, आणि काल नकला विकणारी म्हणून हिणवली गेलेली कंपनी आता स्वतःच्या गाण्यांची मालक झाली.

महाराष्ट्रातही स्वस्त कॅसेटने एक दार उघडले. भीमगीते, कोळीगीते, देवीची गाणी छोट्या कंपन्यांनी काढली आणि ती जत्रांतल्या, अभिवादन सभांबाहेरच्या गाड्यांवर विकली गेली. मोठ्या कंपनीच्या निवडीची वाट पाहणे आता शाहिराला अपरिहार्य उरले नाही. मात्र ज्या यंत्राने त्याचा आवाज गावोगाव नेला, त्याच यंत्रावर त्याच्याही कॅसेटच्या नकला निघत. एचएमव्हीसारखी कंपनी तोटा सोसून उभी राहू शकत होती, दोन-चार कॅसेटींवर उभा असलेला प्रकाशक नव्हे. म्हणून ‘पायरसीने कलावंताचे भलेच केले’ हे विधान निदान इथे टिकत नाही. चित्रपटसंगीतापुरते इतके म्हणता येते, की कंपनीचा तोटा हा कलावंताचाच तोटा म्हणून मांडला गेला. वस्तुतः त्या तोट्याची झळ गीतकाराला फार तर पुढच्या बिदागीच्या घासाघाशीत लागत असावी.

गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा, आणि तो कंपनीला लिहून देण्यास मनाई, ही तरतूद 2012 मध्ये आली. जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी राज्यसभेत आणि बाहेरही लढा दिला. 1977 च्या निकालाला तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती, आणि कॅसेट बाजारातून जवळपास नाहीशी झाली होती.