मोडक्या औताचा खर्च कोणाचा?

शेताचें अवजार मोडलें, तर तें कोणाच्या पैशानें दुरुस्त व्हावें, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटतो. परंतु खेड्याच्या अर्थव्यवहाराचा बराचसा इतिहास त्यांत सांठलेला आहे. वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांत उंद्री नांवाचें गांव आहे. अशा गांवांतील शेती मुख्यतः पावसावर चालते. मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला, म्हणजे पेरणीला मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत तिफणीचा फण मोडला आणि तिफण तशीच पडून राहिली, तर नुकसान फणाच्या किमतीएवढें होत नाहीं. सबंध हंगामाचें होतें.

जुन्या गांवगाड्यानें हें वर्म पुरतें ओळखलें होतें. बलुतेदारांच्या थोरल्या ओळींत सुतार व लोहार यांना स्थान होतें. लांकूड व लोखंड शेतकऱ्यानें द्यावें, हातचें काम कारागिरानें करावें, आणि खळ्यावर रास झाली म्हणजे औतांच्या मानानें त्याला धान्य मिळावें, अशी सर्वसाधारण वहिवाट असे. नव्या गाडीची मजुरी निराळी ठरे. वखराची पास किंवा फण यांच्या नित्याच्या दुरुस्तीचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत बलुतेपद्धतीचें बारकाईनें वर्णन असून तिचे दोषही परखडपणें दाखविलेले आहेत.

बलुतें हें एकेका कामाचें मोल नव्हतें. कारागीर गांवांत हजर असण्याचें तें मोल होतें. औत मोडो वा न मोडो, धान्य ठरलेलें; म्हणून औत वारंवार मोडण्यांत लोहाराचा कांहींच लाभ नव्हता, उलट तें टिकण्यांत त्याच्या श्रमाची बचत होती. तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजू विसरतां येत नाहीं. धंदा जन्मानें ठरलेला, मजुरी रोख नाहीं, आणि हक्काच्या धान्यासाठीं खळ्यावर तिष्ठत उभें राहावयाचें. पीक बुडालें, कीं ज्याच्याजवळ जमीन नाहीं त्या कारागिराच्या घरींही उपास पडे. सोय गांवाची होती. तिची किंमत पुष्कळदां दुर्बळानेंच भरली.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजी अंमलाखालीं आलें, १८७० सालीं खामगांवापर्यंत लोहमार्ग पोंचला आणि कापसाबरोबर रोख पैसा खेड्यांत शिरला. तसतशी धान्याची बांधिलकी सैल होत गेली. पुढें अवजारच बदललें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं बेळगांवीं लोखंडी नांगर सिद्ध केला, आणि १९१० मध्यें वसलेल्या किर्लोस्करवाडीहून तो दूरदूर जाऊं लागला. नांगर खोल जाई व टिकाऊही असे. परंतु अशा नांगराचे बिडाचे भाग गांवच्या ऐरणीवर घडवितां येत नसत. बीड घणाखालीं वांकत नाहीं, फुटतें. नवा भाग कारखान्यांतूनच आणावा लागे. दुरुस्तीची किल्ली गांवाच्या वेशीबाहेर गेली, ती अशी.

त्यानंतर ट्रॅक्टर आला. १९४७ सालीं केंद्र सरकारनें युद्धांतून उरलेल्या यंत्रांवर ट्रॅक्टर संघटना उभारली. तींत यंत्र व त्याची देखभाल सरकारची आणि शेतकऱ्याकडून एकराप्रमाणें आकार, अशी तऱ्हा होती. पुढें ट्रॅक्टर खाजगी मालकीचे झाले आणि दुरुस्तीचा भारही मालकाच्या शिरीं आला. आतां तर कांहीं यंत्रांतील बिघाड कारखानदाराच्या संगणकावांचून उमगतही नाहीं. म्हणूनच अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यानें २०२३ सालीं कायदा करून दुरुस्तीची माहिती, हत्यारें व सुटे भाग शेतकऱ्यास मिळण्याची सोय केली. भारत सरकारनेंही २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिती नेमली. तिच्या विचारक्षेत्रांत शेतीचीं अवजारें आहेत.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुरुस्तीचा खर्च एक नसून तीन आहेत. वापरानें होणारी झीज शेतकऱ्यानें सोसावी, हें न्याय्यच आहे. यंत्राचें ज्ञान व सुटे भाग मिळण्याची हमी कारखानदारानें द्यावी. यंत्र विकतांना घेतलेल्या किमतींत ती जबाबदारी आलीच. तिसरा खर्च हजेरीचा. ऐन पेरणींत हांकेच्या अंतरावर कुशल हात असावा, यासाठीं वर्षभर कोणींतरी त्या हाताला पोसलें पाहिजे. हा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरचा आहे. तो गांवानें किंवा सहकारी संस्थेनें वर्गणीनें वांटून घ्यावा. बलुत्यांतील हजेरीचें तत्त्व तेवढें राखावें, आणि खळ्यावरील लाचारीऐवजीं रोख व मानाचें वेतन द्यावें. वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. खर्चाचा हा निवाडा त्याच्या आधींच झालेला बरा.